दक्षिण चीन समुद्राचा वाद नेमका काय आहे? आणि एका चुकीने तिथे युद्ध कसं पेटू शकतं?

११ ऑगस्ट २०२५ चा एक व्हिडिओ कदाचित तुमच्याही फीडमध्ये येऊन गेला असेल. निळाशार समुद्र. फिलिपिन्सच्या तटरक्षक दलाचं एक जहाज जीव खाऊन पळतंय. मागे चीनच्या तटरक्षक दलाचं जहाज लागलंय. तेवढ्यात दुसऱ्या बाजूने चीनच्याच नौदलाची भली मोठी युद्धनौका येते आणि चीनची ही दोन जहाजं एकमेकांवरच आदळतात. तटरक्षक जहाजाचा पुढचा भाग पत्र्याच्या डब्यासारखा चेपला जातो.

पहिल्यांदा बघताना हसू येतं. पण तो व्हिडिओ जरा थांबवून बघा. धडकेच्या काही क्षण आधी त्या जहाजाच्या पुढच्या टोकावर माणसं उभी दिसतात. धडकेनंतर ती जागाच उरलेली नाही. त्या माणसांचं काय झालं, हे चीनने त्या वेळी सांगितलं नाही.

आता एवढाच विचार करा. तीच युद्धनौका चुकून फिलिपिन्सच्या जहाजावर आदळली असती आणि तिथे चार-पाच जण मेले असते तर? फिलिपिन्सचा अमेरिकेशी संरक्षण करार आहे. म्हणजे जगातल्या दोन सगळ्यात ताकदवान देशांचं सैन्य समोरासमोर येण्यात अंतर राहिलं होतं फक्त काही मीटरचं.

हा वाद नेमका काय आहे, त्यात तंत्रज्ञानाचा काय रोल आहे आणि खरा धोका कुठे आहे, ते आज समजून घेऊ.

वाद कुठे आणि कोणाकोणात?

मॅपवर चीनच्या दक्षिणेला बघा. डावीकडे व्हिएतनाम, उजवीकडे फिलिपिन्स, खाली मलेशिया आणि ब्रुनेई. मध्ये जो समुद्र आहे तो दक्षिण चीन समुद्र. त्यात पारासेल आणि स्प्रॅटली नावाचे बेटांचे पुंजके आहेत. बेटं म्हणजे काय, तर बरेचसे प्रवाळाचे खडक. काही भरतीच्या वेळी पाण्याखाली जातात, काहींवर जेमतेम उभं राहायला जागा असते. चीन, तैवान, व्हिएतनाम, फिलिपिन्स, मलेशिया आणि ब्रुनेई असे सहा जण इथल्या कमी-जास्त भागावर हक्क सांगतात.

एवढ्याशा खडकांसाठी एवढं भांडण का? कारण खडकासोबत समुद्र मिळतो. समुद्रासोबत मासे, तेल आणि वायू मिळतो. शिवाय इथून जाणारा जहाजांचा रस्ता जगातल्या सगळ्यात गजबजलेल्या रस्त्यांपैकी एक आहे. अमेरिकेतल्या सीएसआयएस या अभ्याससंस्थेच्या अंदाजानुसार २०१६ या एका वर्षात सुमारे ३.४ लाख कोटी डॉलरचा माल या समुद्रातून गेला.

समुद्र कोणाचा, हे ठरतं कसं?

यासाठी संयुक्त राष्ट्रांचा १९८२ चा सागरी कायदा आहे. त्यातले दोन आकडे लक्षात ठेवले की पुरे: १२ आणि २००.

किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटरपर्यंतचा समुद्र त्या देशाचा. तिथे त्याची सत्ता चालते. २०० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे साधारण ३७० किलोमीटरपर्यंत, त्या देशाचं विशेष आर्थिक क्षेत्र. तिथले मासे, तेल, वायू यांवर त्या देशाचा हक्क, पण जहाजं कोणाचीही ये-जा करू शकतात.

पूर्ण बेट असेल, जिथे माणसं स्वतःच्या जोरावर राहू शकतात, तर त्यालाही २०० मैल मिळतात. नुसता खडक भरतीतही पाण्याच्या वर राहत असेल तर १२ मैल. आणि भरतीत बुडणारा खडक असेल तर त्याला स्वतःचं काहीच मिळत नाही. वरून सिमेंट टाकून बेट बनवलं तरी हक्क वाढत नाही.

चीनने २०१३ च्या शेवटी स्प्रॅटलीमध्ये समुद्रतळाची वाळू उपसून खडकांवर टाकायला सुरुवात केली आणि काही वर्षांत सुमारे ३,२०० एकर नवी जमीन तयार केली. मिसचीफ, सुबी आणि फायरी क्रॉस या तीन ठिकाणी धावपट्ट्या आहेत. कायद्याने त्याचा हक्क वाढला नाही. पण तिथे विमानं उतरवण्याची आणि जहाजं ठेवण्याची ताकद वाढली. प्रत्यक्ष समुद्रावर ही दुसरी गोष्ट जास्त कामाला येते.

एका नकाशामुळे ‘बार्बी’वर बंदी!

चीनचा दावा या १२ आणि २०० च्या हिशोबात बसत नाही. त्याच्याकडे एक जुना नकाशा आहे. १९४७ मध्ये, कम्युनिस्ट सत्तेत यायच्या आधीच्या चिनी सरकारने या समुद्रात तुटक रेषा आखली. तेव्हा ११ तुकडे होते. पुढे दोन काढले, नऊ राहिले. म्हणून तिला ‘नाइन डॅश लाइन’ म्हणतात. जवळजवळ सगळा समुद्र ती आपल्या पोटात घेते. २००९ मध्ये चीनने हा नकाशा संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या पत्राला जोडला आणि वाद जोरात सुरू झाला.

ही रेष किती संवेदनशील आहे बघा. जुलै २०२३ मध्ये व्हिएतनामने ‘बार्बी’ सिनेमावर बंदी घातली. कारण काय, तर त्यात दिसणाऱ्या एका नकाशात ही रेष आहे असं तिथल्या अधिकाऱ्यांना वाटलं. त्याआधी २०२२ मध्ये ‘अनचार्टेड’ याच कारणासाठी अडकला होता.

ऑगस्ट २०२३ मध्ये चीनने नवा ‘प्रमाण नकाशा’ काढला. त्यात तैवानच्या पूर्वेला दहावा तुकडाही होता. त्याच नकाशात अरुणाचल प्रदेश आणि अक्साई चीन चीनमध्ये दाखवले होते, म्हणून भारतानेही निषेध नोंदवला. म्हणजे नकाशाची ही भानगड आपल्याला अजिबात परकी नाही.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या कामात एकाच डेटाच्या दोन प्रती दोन ठिकाणी असतात आणि कधीकधी त्या जुळत नाहीत. तेव्हा एकच प्रश्न विचारायचा असतो: खरी प्रत कोणती, हे ठरवणार कोण? समुद्राच्या बाबतीतही तोच प्रश्न आहे.

कोर्टाने निकाल दिला, मग प्रश्न संपला का नाही?

निकाल लागलाय. फिलिपिन्सने जानेवारी २०१३ मध्ये चीनविरुद्ध आंतरराष्ट्रीय लवादाकडे दाद मागितली. १२ जुलै २०१६ ला हेगमध्ये निकाल आला. लवादाने सांगितलं की नऊ तुकड्यांच्या रेषेतल्या साधनसंपत्तीवर ‘ऐतिहासिक हक्क’ सांगायला कायद्याचा आधार नाही. स्प्रॅटलीमधल्या एकाही खडकाला २०० मैलांचा हक्क मिळत नाही, हेही सांगितलं. मात्र एक गोष्ट लवादाने ठरवली नाही: हे खडक मुळात कोणाच्या मालकीचे. तो त्याच्या अधिकाराचा विषयच नव्हता.

चीनने खटल्यात भागच घेतला नाही आणि निकालही मानला नाही. आणि तो अमलात आणायला लवादाकडे पोलीस नाहीत.

आता आपल्याकडचं उदाहरण बघा. बंगालच्या उपसागरात भारत आणि बांगलादेशचा असाच वाद होता. जुलै २०१४ मध्ये लवादाने वादातल्या साधारण २५,६०० चौरस किलोमीटरपैकी सुमारे १९,५०० चौरस किलोमीटर समुद्र बांगलादेशला दिला. म्हणजे भारताच्या हातून मोठा वाटा गेला. तरी भारताने निकाल स्वीकारला आणि वाद मिटला. निकाल कामाला येतो, पण मोठ्या देशाने तो मानायचं ठरवलं तरच.

गोळी न झाडता चाललेली लढाई

या समुद्रात आधी रक्त सांडलेलं आहे. १९७४ मध्ये चीनने दक्षिण व्हिएतनामशी लढून पारासेलचा उरलेला भाग घेतला. १९८८ मध्ये जॉन्सन साउथ खडकापाशी व्हिएतनामचे ६४ जण मारले गेले. आता पद्धत बदलली आहे. युद्धनौका सहसा मागे राहतात. पुढे येतात तटरक्षक दलाची पांढरी जहाजं आणि मासेमारीच्या बोटींसारख्या दिसणाऱ्या, पण सरकारच्या सांगण्यावरून चालणाऱ्या बोटी. हत्यार काय, तर पाण्याचा जोरदार फवारा, डोळे दिपवणारा लेझर, वाट अडवणं, घासून जाणं. हेतू हा की समोरच्याला मागे ढकलायचं, पण ‘युद्ध’ म्हणता येणार नाही एवढंच करायचं.

याचं सगळ्यात धोकादायक उदाहरण सेकंड थॉमस शोल. फिलिपिन्सने १९९९ मध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं ‘बीआरपी सिएरा माद्रे’ हे जहाज मुद्दाम या उथळ प्रवाळावर रुतवून ठेवलं. आज ते गंजून चाळण झालंय, पण त्यावर फिलिपिन्सचे मोजके सैनिक राहतात. त्यांना अन्न-पाणी पोहोचवायला बोटी जातात आणि चीन त्या अडवतो.

१७ जून २०२४ ला असंच झालं. चीनच्या तटरक्षकांनी सुऱ्या, कुऱ्हाडी, हातोडे घेऊन फिलिपिन्सच्या रबरी बोटींना घेरलं, बोटी फोडल्या, बंदुका काढून नेल्या. या झटापटीत फिलिपिन्सच्या नौदलातल्या एका जवानाचा अंगठा तुटला.

हे वाचून तुम्हाला जून २०२० मधलं गलवान आठवलं असेल. तिथेही गोळी झाडायची नाही असं ठरलेलं होतं. तरीही हातघाईच्या झटापटीत आपले २० जवान शहीद झाले. ‘गोळी झाडायची नाही’ या नियमाने युद्ध टळेल, पण माणूस मरणारच नाही याची खात्री त्यातून मिळत नाही.

मग युद्धाची रेष नेमकी कुठे आहे?

१९५१ चा अमेरिका-फिलिपिन्स करार म्हणतो की ‘सशस्त्र हल्ला’ झाला तर एकमेकांच्या मदतीला यायचं. दक्षिण चीन समुद्रात कुठेही फिलिपिन्सच्या सैन्यावर, सरकारी जहाजांवर किंवा विमानांवर असा हल्ला झाला तर करार लागू होतो आणि त्यात तटरक्षक दलही आलं, असं अमेरिकेने अनेकदा सांगितलंय. पण अंगठा तुटणं हा ‘सशस्त्र हल्ला’ आहे का?

३१ मे २०२४ ला सिंगापूरच्या शांग्री-ला परिषदेत फिलिपिन्सचे अध्यक्ष फर्डिनांड मार्कोस ज्युनियर यांनी त्याचं उत्तर आधीच देऊन ठेवलं होतं. जाणूनबुजून केलेल्या कृतीत फिलिपिन्सचा नागरिक मारला गेला, तर ते आमच्या दृष्टीने युद्धाच्या कृतीच्या अगदी जवळ जाणारं असेल, असा त्यांच्या बोलण्याचा अर्थ होता. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत ही कुऱ्हाडींची घटना घडली. सरकारमधल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने आधी सांगितलं की हा बहुधा गैरसमज किंवा अपघात असावा. काही दिवसांतच संरक्षणमंत्र्यांनी उलट सांगितलं की हा बेकायदा बळाचा वापर होता. शब्दांवर एवढी ओढाताण का? कारण ‘हल्ला’ हा एक शब्द उच्चारला की कराराचं बटण दाबल्यासारखं होतं.

त्या वेळी दोन्ही बाजू थांबल्या. जुलै २०२४ मध्ये त्या जहाजावर सामान पोहोचवण्याबाबत चीन आणि फिलिपिन्समध्ये तात्पुरती समजूत झाली. म्हणजे शहाणपणाचा दरवाजा अजून बंद झालेला नाही.

पण नियमांमध्ये एक मोठं भगदाड आहे. अचानक समोरासमोर आल्यावर कसं वागायचं याची एक संहिता २०१४ मध्ये चीन आणि अमेरिकेसह २१ देशांच्या नौदलांनी मान्य केली. ती नौदलांसाठी आहे. रोजची झोंबाझोंबी मात्र तटरक्षक दलांमध्ये चालते. आसियान देश आणि चीन यांच्यातली आचारसंहिता २००२ च्या घोषणेपासून चर्चेत आहे. ती पूर्ण करण्यासाठी २०२६ हे लक्ष्य ठरवलेलं आहे.

यात टेक कुठे आलं?

सगळीकडे! तीन गोष्टी बघू.

पहिली, एआयएस. मोठी जहाजं रेडिओवरून आपला ओळख क्रमांक, जागा, वेग आणि दिशा सतत सांगत असतात. चालत्या जहाजाकडून दर काही सेकंदांनी हा संदेश जातो. हेतू साधा, धडक टाळणं. मरीन ट्रॅफिकसारख्या अ‍ॅपवर जी रंगीत बाणांची गर्दी दिसते, ती याच संदेशांची. पण जहाज हा संदेश बंद करू शकतं आणि खोटाही पाठवू शकतं. जून २०२१ मध्ये काळ्या समुद्रात ब्रिटनची ‘एचएमएस डिफेंडर’ ही युद्धनौका एआयएसवर रशियाच्या ताब्यातल्या सेवास्तोपोलजवळ दिसत होती. त्याच वेळी युक्रेनच्या ओडेसा बंदरातल्या वेबकॅमवर ती धक्क्याला बांधलेली दिसत होती! असा खोटा ठिपका तणावाच्या रात्री कोणी खरा मानला तर?

दुसरी, उपग्रह. चीनची बेटं कशी वाढत गेली हे जगाला कळलं ते व्यावसायिक उपग्रहांच्या फोटोंमुळे. रडारवाले उपग्रह तर ढगांतून आणि रात्रीच्या अंधारातही जहाज पकडतात. एआयएस बंद केलं म्हणून जहाज गायब होत नाही.

तिसरी, साधा कॅमेरा. २०२३ पासून फिलिपिन्सने ठरवलं की जे घडेल ते शूट करायचं आणि लगेच जगाला दाखवायचं. पत्रकारांनाही जहाजावर नेलं जातं. चीनही आपली बाजू दाखवणारे व्हिडिओ टाकतो. छोट्या देशाकडे मोठं नौदल नसतं, पण पुरावा असतो. हे खरंच कामाचं ठरलंय.

पण कॅमेऱ्याची दुसरी बाजूही बघा. १ एप्रिल २००१ ला याच समुद्रावर अमेरिकेचं टेहळणी विमान आणि चीनचं लढाऊ विमान हवेत धडकलं. चिनी वैमानिकाचा मृत्यू झाला. अमेरिकेच्या विमानाला चीनच्या हैनान बेटावर उतरावं लागलं आणि त्यातल्या २४ जणांना चीनने ११ दिवस ठेवून घेतलं. शेवटी जपून शब्द निवडलेल्या एका पत्रावर प्रकरण मिटलं. दोन्ही देशांना ‘आपण नमलो नाही’ असं म्हणता आलं.

त्या वेळी कोणाच्या हातात स्मार्टफोन नव्हता. आज तीच धडक झाली तर तासाभरात दोन्हीकडे व्हिडिओ फिरतील आणि बदला घेण्याची मागणी सुरू होईल. असं पत्र शांतपणे लिहायला ११ दिवस कोण देईल? कॅमेऱ्यामुळे खोटं बोलणं अवघड झालं. पण त्याच कॅमेऱ्यामुळे माघार घेणंही अवघड झालं. माझ्या मते आजचा खरा धोका हाच आहे. उद्या सकाळी उठून कोणी युद्ध पुकारेल असं नाही. एखादा कप्तान वळण चुकवेल, कोणीतरी मरेल आणि चूक झाली असं म्हणायची हिंमत कोणाकडेच उरणार नाही.

आपला काय संबंध?

पहिलं, व्यापार. सरकारने सांगितलेल्या आकड्यानुसार भारताचा निम्म्याहून जास्त व्यापार दक्षिण चीन समुद्र आणि मलाक्का सामुद्रधुनीच्या वाटेने होतो. दुसरं, शस्त्रं. जानेवारी २०२२ मध्ये फिलिपिन्सने भारताकडून ब्रह्मोस क्षेपणास्त्रं घ्यायचा सुमारे ३७.५ कोटी डॉलरचा करार केला आणि एप्रिल २०२४ मध्ये पहिली खेप पोहोचली. ऑगस्ट २०२५ मध्ये, त्या धडकेच्या आठवडाभर आधी, दोन्ही देशांच्या नौदलांनी या समुद्रात एकत्र सराव केला. म्हणजे आपण आता लांबून बघणारे राहिलेलो नाही.

तिसरं, माणूस. पाण्यावरची रेष डोळ्यांना दिसत नाही, हे आपल्या कोळी बांधवांना कोणी शिकवायला नको. गुजरात आणि पाकिस्तानच्या मध्ये सर क्रीकच्या टोकापासून पुढे समुद्रातली हद्द दोन्ही देशांनी मिळून ठरवलेलीच नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिकडे मासेमारीला गेलेल्या पालघरच्या एका खलाशाचा पाकिस्तानी गोळीबारात जीव गेला. स्कारबोरो शोलला जाणारा फिलिपिन्सचा मासेमार आणि आपला हा खलाशी एकाच परिस्थितीत सापडलेले असतात. रेष दिल्ली, इस्लामाबाद, बीजिंग किंवा मनिलामध्ये आखली जाते आणि तिची किंमत बोटीवरचा माणूस मोजतो.

तुम्ही काय करू शकता?

पुढच्या वेळी असा व्हिडिओ आला की लगेच फॉरवर्ड करू नका. एवढं तपासा:

– तारीख आणि जागा कोणती? जुने व्हिडिओ नव्या नावाने फिरतात. गेममधली दृश्यंही युद्ध म्हणून फिरतात.
– व्हिडिओ कोणी काढला? दोन्ही देशांचे व्हिडिओ शेजारी ठेवून बघा. कोणी कुठून कापलाय ते बऱ्याचदा लक्षात येतं.
– एआयएसचा स्क्रीनशॉट हा एकटा पुरावा मानू नका. तो खोटा असू शकतो, हे आता तुम्हाला माहीत आहे.
– कोपर्निकस ब्राउझर या मोफत साइटवर मिसचीफ खडक शोधा. सुरुवातीच्या खडकाची आता केवढी मोठी धावपट्टी झालीय, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

आणि ‘युद्ध सुरू!’ असा मथळा दिसला की आधी दोन प्रश्न विचारा: कोणी मेलंय का? आणि दोन्हीपैकी कोणत्या सरकारने ‘हल्ला’ हा शब्द वापरलाय का? दोन्हीची उत्तरं ‘नाही’ असतील, तर बोलणी करायला अजून वेळ आहे. तो वेळ आपल्या एका घाईच्या फॉरवर्डने कमी करू नका.